विलासची तार

विलास केबलवाल्याला जुईनगरच्या त्या सोसायटीत कोणी उलट बोलत नसे. नेट त्याचं, म्हणून राज्यही त्याचंच. प्रत्येक घराच्या वायफायला त्याने एकच पासवर्ड ठेवला होता, सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. स्वतःला लक्षात ठेवायचा ताप नको, एवढंच त्यामागचं डोकं.

त्यामुळे संघमित्राच्या नेटवर अख्खा मजला सिनेमे बघायचा. ती एका हॉस्पिटलची हेल्पलाइन घरून सांभाळायची. महिना चाचणीचा होता आणि तीन कॉल तुटले की नोकरी गेली. दोन तुटून झाले होते.

शनिवारी तिने पासवर्ड बदलला. रविवारी सकाळी बघते तर जुनाच परत. विलासने आपल्या ऑफिसात बसून तो फिरवला होता. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला: वायफायचा पासवर्ड बदलला, पण खुद्द राउटरचा विलासने टाकलेलाच राहिला होता. तिला स्वतःचाच राग आला. तिने राउटरचं पान उघडलं, दोन्ही पासवर्ड बदलले आणि बाहेरून आत शिरायची सोय बंद करून टाकली.

तासाभरात विलासचा फोन आला.

"ताई, राउटरचा पासवर्ड काय ठेवला?"

"राउटर माझाय, दादा. मी विकत घेतलाय."

"लाइन तर माझी हाय ना? मग उद्या बघू तुमी काम कसं करता ते."

तिच्या सासूबाई वेणूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. "कशाला त्याच्या नादी लागतीस? देऊन टाक की."

"नाही देणार, आई. आज पासवर्ड दिला, तर उद्या त्याला विचारूनच श्वास घ्यावा लागेल."

राउटरच्या मागे डोंगल लावायची जागा होती. मोबाइलच्या सिमवर नेट देणारा नवऱ्याचा जुना डोंगल तिने कपाटातून काढला, त्यात सिम घातलं. सेटिंगमध्ये बॅकअप सापडला, म्हणजे तार बंद पडली की नेट आपोआप डोंगलवर जाणार. डायल करायचा नंबर मागत होता. तिने *९९# टाकला. मग विलासची निळी तार उपटून बघितली. काही झालं नाही. सिमलाच पिन होता. सिम मोबाइलमध्ये घालून तिने पिन काढून टाकला, सिम परत डोंगलमध्ये बसवलं, पुन्हा तार उपटली. अर्ध्या मिनिटाने डोंगलचा दिवा हिरवा झाला.

तिने तार परत लावली, पण ते अर्धं मिनिट तिला खुपलं. कॉल चालू असताना विलासने लाइन तोडली, तर तेवढ्यात तिसरा कॉल गेलाच. रात्रभर तिला नीट झोप लागली नाही.

सोमवारी शिफ्ट दहाची. दहाला दहा मिनिटं कमी असताना ती उठली आणि विलासची तार तिने स्वतःच्या हाताने काढून टाकली. त्याची वाट बघत बसायचं कारणच काय?

अकरापर्यंत नऊ कॉल झाले. एकही तुटला नाही. मग बेल वाजली. दारात विलास, चेहरा अगदी काळजीचा.

"ताई, तुमचा फोन नाय आला, म्हणून म्हटलं बघून यावं. साडेदहापासून नेट बंद हाय ना तुमचं?"

दहावा कॉल येत होता. संघमित्राने हेडफोन कानावर चढवला आणि गुंडाळून ठेवलेली निळी तार त्याच्या हातात दिली.

"मला काय माहीत? तुमची तार मी दहाच्या आधीच काढलीय. घेऊन जा."

आणि ती कॉलवर बोलू लागली, "नमस्कार, मी संघमित्रा बोलतेय. बोला, काय त्रास होतोय?"