साइरागुलच्या बाटलीत पाणी नव्हतं

"भावांनो, आत-बाशीहून वर येणाऱ्या सगळ्यांनी ऐका. साइरागुलच्या खिडकीवरून डिझेलचं औषध घेऊ नका. बाई पाणी मिसळते. गवत घेऊन चाललोय, भावाची मेंढरं तिकडे उपाशी, आणि माझी गाडी भर घाटात बंद पडली. तिच्या दारात गाडी उभी करू नका. पुढे सांगा सगळ्यांना."

शेर्शेनने फोनच्या बटणावरून अंगठा उचलला. फोनला रेंज नव्हती. ड्रायव्हरांच्या ग्रुपवर बोललेला निरोप तिथेच अडकून राहिला, शेजारी घड्याळाची बारीकशी खूण.

"वर खिंडीत रेंज येते. आपोआप जाईल," असं म्हणून त्याने फोन काचेखालच्या पकडीत अडकवला आणि गिअर टाकला.

शेजारी बसलेली त्याची आई, काल्बुबू, त्या घड्याळाकडे बघत राहिली.

पाणी साइरागुलने मिसळलं नव्हतं.

पाणी काल्बुबूने ओतलं होतं.

*

झालं ते असं. नाही, आधी हे सांगायला हवं: मुलगा गाडी काढायचा तेव्हा ती चाकांवर दूध शिंपडायची. तिची आई घोड्याच्या खुरांवर शिंपडायची, ही चाकांवर. यंदा गाय आटली. मग मजारीच्या झऱ्याचं पाणी घेतलं, कपाटात जपून ठेवलेलं. सकाळी चाकावर शिंपडलं, तर टायरला लागता लागता त्याचे काचेचे मणी झाले आणि बर्फात टपटप पडले. आशीर्वादाचं असं मातेरं झालेलं तिला बघवेना. मग ऊब कुठे असते गाडीत? पोटात. पोटाचं झाकण उघडंच होतं. शेर्शेनने आत औषध ओतलं होतं, वरून डिझेल भरलं होतं, आणि हातमोजे विसरला म्हणून घरात गेला होता.

एक वाटी. चहाची वाटी असते ना, तेवढी. बास.

बास?

*

घाटाच्या अर्ध्यावर गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. शेर्शेन शिव्या देत उतरला. त्याला वाटलं डिझेलचं तूप झालं. थंडी वाढली की होतं तसं, डिझेल पांढरं होऊन मेंढीच्या शेपटीच्या चरबीसारखं थिजतं. पण टाकीत काठी घालून बघितली तर डिझेल पिवळं, पातळ, धावतं. मग त्याने डिझेलच्या गाळणीखालची काचेची वाटी बघितली. तळाशी बर्फाचा गोळा.

"बर्फ! म्हणजे पाणी. डिझेलमध्ये पाणी कुठून आलं, सांग मला?"

काल्बुबूने थर्मास तेवढा पुढे केला.

त्याने वाटीभोवती फडकं गुंडाळलं आणि त्यावर मिठाचा दुधाळ चहा ओतला, कढत. बर्फ सुटला, खालचा स्क्रू ढिला करून पाणी सोडून दिलं, गाडी सुरू झाली. आणि मग तो हिशेब मांडत बसला. डिझेल नेहमीच्याच पंपाचं. टाकी मागच्याच महिन्यात धुतलेली. नवीन काय? बाटली. बाटली कुणाची? साइरागुलची. झालं, निकाल लागला.

*

साइरागुल म्हणजे दोन घरं सोडून राहणारी. नवरा गेल्यापासून घराच्या खिडकीतून विकते: लोकरी मोजे, सुकं दही, आणि हिवाळ्यात डिझेलचं औषध. ड्रायव्हर थांबले तर तिच्या घरची चूल पेटते.

बाटली आणायला काल्बुबूच गेली होती.

"ह्या घाण वासाच्या पाण्याला एवढे पैसे?" तिने नाक मुरडलं होतं.

"पाणी कुठलं आपा! ह्याने डिझेल थिजत नाही. पण शेर्शेनला सांग, आधी बाटली, मग डिझेल. थिजल्यावर ओतेल आणि माझ्या नावाने बोंबलेल."

"माझा मुलगा कुणाच्या नावाने बोंबलत नाही."

असं म्हणाली होती. हेच शब्द.

*

"शेर्शेन."

"काय आपा?" आईला तो गावासारखाच आपा म्हणायचा.

"गवत... पुरेल ना तुझ्या भावाला, तोलोमुशला?"

"पोचलं तर पुरेल. मेंढरं एकमेकांची लोकर उपटून खातायत म्हणाला. आणि ही बया आम्हाला पाणी विकते!"

वळण. खाली दरी, वर नुसतं पांढरं. काल्बुबूने डोक्याचा रुमाल सोडला, बांधला, परत सोडला.

"शेर्शेन."

"आता काय?"

"तिची मोठी मुलगी शिकायला बिश्केकला—"

"पाणी विकून शिकवते काय?"

इथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण गाडीने एक गचका खाल्ला, आणि उघडलेलं तोंड—

*

—मिटलं. तिने रुमाल काढून फोनवर टाकला.

"अगं काय करतेस?"

"थंडी लागेल त्याला."

"फोनला?" शेर्शेन हसला. सकाळपासून पहिल्यांदा. "आपा, तू म्हातारी होत चाललीस." त्याने रुमाल तिच्या मांडीवर टाकला. घड्याळाची खूण होती तशीच होती. वरच्या कोपऱ्यात रेंजची रेघ नव्हती. मग एक आली. गेली.

नको येऊ. नको येऊ. देवा, तो फोनचा मनोरा आज मोडून पडू दे.

आणि खिंड दिसायला लागली तोच गाडी पुन्हा खोकली.

*

गाडी बंद पडली. शेर्शेन खाली उतरला आणि वाटीला थोबाडावं तशी चापट मारली. समोरून एक रिकामा ट्रक उतरत होता, सीमेवरच्या चौकीला कोळसा टाकून परतणारा. थांबला. हिवाळ्यात ह्या रस्त्यावर बंद गाडी बघून कुणी पुढे जात नाही. उतरला तो माणूस कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा, नुसते दात पांढरे.

"काय दादा, तूप?"

"बर्फ! औषधात पाणी. आत-बाशीची साइरागुल, ओळखतोस?"

"खिडकीवाली? अरे, मी तिच्याकडून मोजे घेतो."

"मोज्यांतून पण पाणी गळेल, जपून."

"थांब, दुपारी पोचतोच मी खाली. उरलेल्या बाटल्या तिच्याच अंगणात फोडतो, सगळ्यांसमोर."

काल्बुबू गाडीत होती. दार उघडं, थर्मास हातात. आणि शेजारी फोन किणकिणला. एकदा. मग धडाधड.

घड्याळ गेलं होतं. निरोप गेला होता.

तिला वाचता येत होतं, चष्मा नव्हता. पण त्यातला एक निरोप बोलका होता. बोट लागलं आणि कुणीतरी गाडीभर ओरडलं: "तरीच! माझी पण परवा अडली! हाकला त्या बाईला!"

*

ती उतरली. बर्फात गुडघ्यापर्यंत गेली. दोन्ही पुरुष वाटीवर वाकलेले.

"चहा दे आपा."

तिने थर्मास दिला नाही. छातीशी धरला.

"मी ओतलं."

"ओत मग, वाट कसली बघतेस?"

"चहा नाही रे. पाणी. मजारीचं. सकाळी, तू हातमोजे आणायला गेलास तेव्हा. एक वाटी."

काळ्या माणसाने आधी आईकडे बघितलं, मग मुलाकडे, मग तोंड दुसरीकडे केलं. त्याचे खांदे हलायला लागले.

"आजी," तो कसाबसा म्हणाला, "डिझेलला आंघोळ घातलीत?"

शेर्शेन हसला नाही. त्याच्या मिशीवरची वाफ गोठून पांढरी झाली होती. मग त्याने तिच्या हातून थर्मास ओढून घेतला, फडक्यावर चहा ओतला, स्क्रू सोडला. पाणी टपकलं. एक थेंब, दुसरा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं तिला.

गाडी सुरू करून तो फोनवर वाकला.

"निरोप पुसून टाकला. संपलं. चल, बस."

"संपलं कसं? ऐकलं ना त्यांनी."

"मग काय सांगू? माझ्या आईने टाकीत पाणी ओतलं? अख्खा रस्ता हसेल आपा! मरेपर्यंत मला पाणक्या म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला काय जातंय म्हणू देत म्हणायला!"

"तू नको सांगूस. मी सांगते. दे इकडे."

"मेंढरं उपाशी आहेत, आणि तुला आत्ता—"

"साइरागुलही उपाशी बसेल. दे."

कोळशावाला पायरीवर चढून आत डोकावत होता. "द्या दादा. नाहीतर खाली जाऊन मी सांगणारच आहे, आणि मी सांगितलं तर त्यात पाण्याची वाटी नसेल, बादली असेल."

शेर्शेनने फोन तिच्या हातात आदळला. तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला, जरा जोरातच. "हं. दाबून धर. बोल."

इंजिन धडधडत होतं, पायाखाली, दातांत.

"मी काल्बुबू. शेर्शेनची आई. साइरागुलच्या बाटलीत पाणी नव्हतं. पाणी मी ओतलं. झऱ्याचं आहे, चांगलं आहे, पण गाडीला चालत नाही हे मला माहीत नव्हतं. शेर्शेनला हसू नका, त्याला माहीतच नव्हतं, मला हसा. आणि तो कोण, परवा गाडी अडली म्हणून ओरडत होता, त्याने आधी घरी जाऊन आपल्या आईला विचारावं. साइरागुल, तू हे ऐकत असशील तर... तुला कुणीतरी ऐकवेलच. परत आले की मी येते तुझ्याकडे. दार लावून घेऊ नकोस. लावलंस तर खिडकीशी उभी राहीन, लोकांना दिसेल अशी. बाकी काय? शेर्शेन, आता बोट काढू का?"

"काढ आपा."