आत्याच्या खाणाखुणा

आमच्या दादाने एकदा ठरवलं की ठरवलं! त्याच्या लेकाला, म्हणजे माझ्या भाच्याला, पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यायची होती. त्याच परीक्षेचा फॉर्म मीही भरलाय हे कळल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "बरं झालं. तू आत बसून त्याला खुणा कर."

अहो, फॉर्म मी माझ्यासाठी भरला होता! बावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतेय मी. पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. आधी बाबांचं आजारपण, मग याच भाच्याला सांभाळायला कुणी नव्हतं. यंदा कॉलेजने शिकायला रजा दिली होती, तीही एकदाच. आत्ता नाही तर कधीच नाही. हे सांगायला तोंड उघडलं, तर दादा म्हणाला, "आत्या ना गं तू त्याची?" झालं. मी म्हणाले, बघते.

उजवा कान खाजवला की पहिला पर्याय, डावा कान दुसरा, मान तिसरा, पाठ चौथा. आठवडाभर जेवताना दादाने आमची तालीम घेतली. माझं वरण रोज गार व्हायचं.

परीक्षेच्या हॉलच्या दारात एका बाईने माझा चष्मा उलटासुलटा करून पाहिला, बाह्या दुमडायला लावल्या आणि अंबाड्यातल्या अकरा पिना काढून घेतल्या.

"पिनेत कॉपी लपवतात होय?" मी चिडून विचारलं.

"लपवतात," ती म्हणाली. हसलीसुद्धा नाही मेली.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती, जागाही त्यानेच दिल्या. भाचा दोन रांगा मागे, तिरका बसला. पहिला प्रश्न भूमितीचा होता, सोपा. मी डावा कान खाजवला. मग मान. मग पाठ, तीही हात वाकडा करकरून, कारण मोकळे केस मध्ये येत होते. आठ प्रश्न झाले आणि तीच बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काय होतंय?"

"पित्त उठलंय," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं. तो माझ्या पाठीकडे टक लावून बसला होता.

"बाई, इथे प्रत्येकाला वेगळे प्रश्न येतात," ती हळूच म्हणाली. "क्रम वेगळा, आकडे वेगळे, पर्यायसुद्धा उलटसुलट. पुन्हा पित्त उठलं तर दोघांचीही परीक्षा रद्द."

एक हात मांडीखाली दाबला आणि दुसऱ्याने गपगुमान माझा पेपर सोडवला. पहिला भाग संपला. दुसरा असला भयंकर कठीण निघाला की डोळ्यांत पाणी आलं. आपलं सगळं चुकलं, म्हणून आता हे मशीन आपल्याला शिक्षा करतंय, अशी माझी खात्रीच पटली.

बाहेर भाचा शीळ घालत उभा. "आत्या, दुसरा भाग तर एकदम सोपा! आणि पहिले आठ तुझेच टिपले."

"अरे गाढवा, तुझे प्रश्न वेगळे नव्हते का?"

"होते ना. तुझ्या स्क्रीनवर भूमिती दिसत होती, मला उतारा आला. पण म्हटलं, आत्याचं उत्तर चुकायचं नाही."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं!

दहा दिवसांनी दोघांचे निकाल आले. पहिला भाग चांगला गेला की दुसरा मुद्दाम कठीण देतात आणि वाईट गेला की सोपा, हे आम्हाला तेव्हा कळलं. भाच्याचे मार्क सांगण्यासारखे नव्हते. माझे दादाने तीनदा वाचले. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले.

मला वाटलं, आता म्हणेल, शाब्बास.

"हे मार्क," तो म्हणाला, "त्याच्या नावावर नाही का गं करता येणार?"

भाचा बिचारा शरमेने लाल झाला. मी मात्र तोंड उघडलं आणि सवयीने म्हणणारच होते, बघते विचारून. कायम तेच म्हणत आलेय ना! मग आठवली ती न हसणारी बाई. माझे प्रश्न माझे, माझी उत्तरं माझी. दुसऱ्या कुणाच्या पेपरावर बसणारच नाहीत. मी देते म्हटलं तरी देता येणार नाहीत.

"नाही रे दादा," मी म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की बोलताच येईना. "नाहीच येत करता!"