पोरगी गेली, गिरणी राहिली

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे आणि सध्या माझ्या पोटात कोंबडी बसलेली आहे. ती अंड्यांवर आहे, म्हणून मी हळू बोलतो. तुम्हीही पान जपून उलटा.

माझा जन्म सांगलीचा. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं दुकान मोडलं, तेव्हा त्याची मोठी सागवानी पेटी आकाराम सुताराच्या हाती लागली. त्यानं तिचे दोन उंच खोके केले, पुढं गोल भोकं पाडली, वर बारीक आवाजाचा छोटा पडदा बसवला आणि खाली जाड आवाजाचा मोठा कागदी पडदा. उजवा मी. डावा माझा भाऊ. लाकूड तासलं, घासलं, पॉलिश मारलं, पण हळद काही गेली नाही. जाड सूर लागला की माझ्यातून पिवळी धूळ उडायची. आमच्या मालकीणबाई शालूबाई म्हणायच्या, "ह्यो बाजा हाय का नवरदेव?"

आम्हाला घेतलं नानासोंनी. फलटणजवळ त्यांचा ऊस होता आणि नोकरी तोफखान्यात. पुढं ते सुभेदार होऊन निवृत्त झाले. सुट्टीवर आले असताना त्यांनी आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर निजवून घरी आणलं. शालूबाई त्याच ट्रॉलीत होत्या, पण फळीवर. त्या हे कधी विसरल्या नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, ती पुष्कळांना ठाऊक नसते. आमचा पडदा जसा बोलतो तसा ऐकतोही. आवाज आला की तो थरथरतो. त्यामुळे आमच्यासमोर घरात काय बोललं गेलं ते सगळं आम्हाला कळतं. फक्त विचारायला कुणी येत नाही.

नानासो सरहद्दीवर होते तेव्हा घरून त्यांना पत्राऐवजी एक कॅसेट गेली होती. त्यांची मुलगी शिवांजली तेव्हा अजून शाळेतही जात नव्हती. घराला लागून तेव्हा पिठाची गिरणी चालायची. आवाज भरताना ती बंद ठेवावी हे कुणाला सुचलं नाही. त्यामुळे कॅसेटभर ढग-ढग-ढग गिरणी चालते, आणि तिच्यावरून सुईसारखा बारीक आवाज येतो, "आबा, कवा येनार? येताना लाल रिबिन आना. यशादादाला कायबी आनू नका."

नानासोंनी ती कॅसेट खंदकात जपली, बर्फात जपली. निवृत्त झाल्यावर घरी आणली आणि तिच्यासाठी खोली बांधली. खोली एवढी मोठी झाली की गावातले लोक ती लग्नाला मागायला आले. नानासोंनी त्यांना हाकलून दिलं. "ही ऐकायची खोली हाय," ते म्हणाले. गाव तिला गोडाऊन म्हणू लागलं. आत आम्ही दोघे भाऊ आणि समोर मधोमध एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हती. शालूबाईंनी उंबऱ्यात बसावं असं ठरलेलं होतं.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस. रोज मऊ फडक्यानं माझं अंग पुसलं जाई. शालूबाई पडल्या तेव्हा गुडघ्याला लावायला फडकं सापडलं नाही, कारण ते माझं होतं. रविवारी संध्याकाळी कॅसेट लागायची आणि नानासो डोळे मिटून ऐकायचे. शिवांजली एव्हाना सांगलीत शिक्षिका झाली होती, तिला स्वतःलाच मुलगी होती. पण नानासोंचा जीव कॅसेटमधल्या त्या रिबिनवालीवर. ती उलट बोलत नसे.

मग तोफांनी आपलं काम पुरं केलं. उंदरानं पोतं खावं तसे नानासोंचे कान आतून रिकामे होत गेले. बारीक आवाज आधी जातात. पाखरं गेली. कुकरची शिट्टी गेली. मग बायका गेल्या. पुरुषांचे जाड आवाज तेवढे राहिले. आणि एका रविवारी कॅसेट संपल्यावर नानासो म्हणाले,

"पोरगी गेली. गिरणी राहिली."

उंबऱ्यातून शालूबाई म्हणाल्या, "आवं, पोरगी हाय तितंच. कान गेलं तुमचं."

"व्हय," नानासो म्हणाले.

हा 'व्हय' नीट लक्षात ठेवा. आपल्याला ऐकू आलं नाही हे तोफखान्यातला माणूस मरेपर्यंत कबूल करत नाही. म्हणून नानासोंनी सगळ्याला हा एकच शब्द लावला. घराला हे लवकर कळलं. यशराज, म्हणजे थोरला मुलगा, एकदा खाली बघत पुटपुटला, "आबा, बुलेट घेतो."

"व्हय."

बुलेट आली. शालूबाईंना त्यात वेगळाच आनंद सापडला. त्या हसऱ्या तोंडानं कप पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, च्या घ्या. तुमच्या मढ्यावर."

"व्हय," नानासो एक घोट घेऊन म्हणायचे. "साखर कमी हाय."

असं हे घर सुखात चाललं होतं. सुख नव्हतं ते एका शिवांजलीला. सुट्टीला आली असताना ती त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडली, "आबा, डाक्टरला कान दाखवूया!"

हे मात्र त्यांना ऐकू गेलं.

"ह्या कानांनी तोफा ऐकल्यात! कान नीट हायत. ही डबडी बिघडल्यात."

डबडी म्हणजे आम्ही. आधी फलटणचा एक वायरमन आणला. त्यानं मला उघडलं. आत ओंजळभर हळद निघाली आणि एक वाळलेली पाल. नानासोंनी पालीकडे बराच वेळ बघितलं. "हिनं खाल्ली पोरगी," ते म्हणाले. पाल फेकली. मला परत बंद केलं. कॅसेट लावली.

"गिरणी," नानासो म्हणाले.

तेव्हा ठरलं की स्पीकर बदलायचे, आणि साधेसुधे नाही, एवढ्या मोठ्या खोलीला शोभतील असे घ्यायचे. सांगलीहून मानसिंग नावाचा दुकानदार आला. त्याचा आवाज ढोलासारखा जाड होता. कित्येक वर्षांत नानासोंना ज्याचं प्रत्येक वाक्य कळलं असा तो पहिलाच माणूस. म्हणून त्याच्यावर त्यांचा विश्वास बसला. मानसिंगनं टाळी वाजवून खोलीचा घुमारा ऐकला, भिंती ठोकल्या, मला ठोकलं आणि मान हलवली.

"सुभेदारसाहेब, खोली हत्तीची आणि तुम्ही बांधलीय शेळी."

"व्हय!" नानासो म्हणाले. या वेळी मनापासून.

पुढच्या रविवारी नवी जोडी आली. काळी, चकचकीत, माणसापेक्षा उंच. नानासोंनी आधीच सांगून टाकलं होतं, "ज्यातनं माजी पोरगी निघंल ते ऱ्हाईल. दुसरं भाईर." मानसिंगनं आमच्या चौघांसमोर मांडवाचं निळं कापड आडवं बांधलं. "डोळ्यांनी ऐकायचं नाही, साहेब. कानांनी ऐकायचं," तो म्हणाला. घरातले सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. शिवांजली मुद्दाम सांगलीहून आली होती. वायरी बदलायला हाताशी कुणीतरी हवं म्हणून ती कापडाच्या मागं, नव्या स्पीकरच्या शेजारी थांबली.

आधी आमची पाळी. मित्रांनो, मी उभ्या जन्मात तसा वाजलो नाही. गिरणी मागं दाबली आणि पोरीचा आवाज असा पुढं काढला की तिनं मध्ये घेतलेला श्वाससुद्धा आला. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. कापडामागं मानसिंग शिवांजलीच्या कानात पुटपुटला, "आयला, हे तर आमच्यापेक्षा झकास वाजतंय."

"गिरणी," खुर्चीतून आवाज आला.

मग नवी जोडी लागली. पोरगी त्यातही स्वच्छ आली.

"गिरणी."

मानसिंग घाबरला. त्यानं आवाज वाढवला. गिरणी वाढली. खिडक्यांच्या काचा वाजल्या, भिंतीवरचा सैन्यातला फोटो तिरका झाला. शेजारचा एक म्हातारा दळणाचा डबा घेऊन दारात आला आणि विचारू लागला, गिरणी परत कवा चालू झाली. नानासो खुर्चीतून उठले. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि कधी ह्या भिंतीकडे, कधी त्या भिंतीकडे बघू लागले.

"पोरगी कुटं हाय? रं मानसिंगा, माजी पोरगी कुटं गेली?"

कापडामागून शिवांजली म्हणाली, "आबा, मी हितंच हाय."

"व्हय," नानासो सवयीनं म्हणाले, आणि शोधत राहिले.

शिवांजलीनं मानसिंगचा हात धरून कॅसेट बंद करायला लावली. गिरणी थांबली. मग तिनं हनुवटी छातीला टेकवली, आवाज पार पोटात ढकलला आणि रेड्यासारखा घोगरा करून म्हणाली, "आबा. कवा. येनार?"

नानासो जागच्या जागी थिजले.

"लाल. रिबिन. आना."

"आली!" नानासो ओरडले. "आली रं आली! ऐका की लेकाच्यांनो! माजी पोरगी आली!" आणि मटकन खुर्चीत बसून ते हमसून हमसून रडू लागले. यशराज हसू दाबायला बाहेर पळाला. मानसिंग धंद्याचा माणूस. त्यानं क्षण वाया घालवला नाही. "हे नवीनवालं, साहेब!" त्यानं जाहीर केलं.

शिवांजली कापड बाजूला सारून पुढं आली. तिचा घसा बसला होता. नानासोंनी डोळे पुसत तिला विचारलं, "शिवे, ऐकलंस का? तू हुतीस ती. केवडा ग्वाड आवाज हुता तुजा तवा!"

"व्हय, आबा," ती म्हणाली.

निकाल लागला. न केलेल्या गुन्ह्याबद्दल आम्हाला त्याच संध्याकाळी बाहेर काढलं. माझा भाऊ डावा आता मक्याच्या रानात उभा असतो. रानडुकरं पळावीत म्हणून त्याच्यातून कुत्र्याचं भुंकणं लावतात. डुकरं येतात, थोडा वेळ ऐकतात आणि कणसं खातात. माझा खालचा मोठा पडदा यशराजनं विळ्यानं कापून काढला, कोंबडीला आत जाता यावं म्हणून. वरचा छोटा पडदा राहिला. त्यामुळे मला आता जाड आवाज ऐकू येत नाहीत, फक्त बारीक येतात. नानासोंचं हरवलेलं अर्धं जग आता माझ्याकडे आहे.

बाकी हकिगत मला शालूबाईंकडून कळते. त्या अंडी काढायला येतात तेव्हा कोंबडीशी बोलतात. त्या सांगतात की निळं कापड अजून तसंच आहे. ते काढलं तर आवाज बिघडेल असं मानसिंग सांगून गेला आहे. शिवांजली दर रविवारी सांगलीहून येते, मागच्या दारानं आत जाते आणि कापडामागं उभी राहते. तिची गाडी चुकली की नवे स्पीकर बिघडतात. मग नानासो जेवत नाहीत, आणि आणखी मोठे आणायला सांगतात. डॉक्टरकडे न्यायचं आता ती बोलत नाही. कान बरे झाले तर त्यांना कळेल की आपण ऐकत होतो ते काय होतं.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्याही घरी असेल. त्याच्यावर पाणी सांडू नका. पडद्याला बोट लावू नका. त्याला उन्हात ठेवू नका. आणि तो बिघडला असं कुणी म्हणालं, तर विळा घ्यायच्या आधी म्हणणाऱ्याला हळूच एक हाक मारून बघा. एवढीच विनंती.

थांबा. आज रविवार आहे. मागच्या दाराची कडी वाजली. माझ्या डोक्यावरच मोठ्या खोलीची खिडकी आहे, पण आता बराच वेळ मला काही ऐकू येणार नाही. ती रेड्याच्या आवाजात बोलत असणार आणि तो आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही. कोंबडी तेवढी थोडी सरकली.

आता ती कापडामागून बाहेर आली असावी. खुर्चीसमोर उभी असावी. कारण हे मला अगदी स्वच्छ ऐकू आलं, सुईसारखं, तिच्या स्वतःच्या आवाजात,

"आबा, मी आलीया."

नानासो काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण शब्द मला माहीत आहे.