सुनावणीला गेलेलं दार

मी बाभळीचं दार बोलतोय. माझ्या अंगावर कुऱ्हाडीचे घाव आहेत आणि ते घालणारा हात माझ्या ओळखीचा होता. त्याच हातानं मला कितीदा तरी हळूच लोटलं होतं.

झरीच्या सुताराकडे मी घडलो. उमाजीच्या वडिलांनी मला बैलगाडीत घालून तालुक्याच्या गावी आणलं आणि गावाबाहेरच्या मेंढवाड्याला बसवलं. तेव्हा आजूबाजूला नुसता माळ होता. पुढे गाव सरकत आलं, डांबरी रस्ता झाला, समोर भुजंग कापूसवाल्याचं दुकान उभं राहिलं. मी मात्र होतो तिथंच राहिलो.

या घरात एक रीत होती. मेंढवाड्याला कुलूप घालायचं नाही. घातलं तर कळप वाढत नाही, असं ते मानत. दिवाळीनंतर उमाजी आणि त्याची बायको म्हाळसाबाई मेंढरं घेऊन चारठाण्याकडे चराईला निघाले, की मला फक्त लोकरीची दोरी बांधून जात.

गेल्या वर्षी ते निघताना भुजंग म्हणाला, "उमाजी, वाडा रिकामाच हाय. चार दिस कापूस ठिवू का?"

"ठिव की. त्यात इचारायचं काय?"

चार दिवसांचे चार महिने झाले. त्यातच नगरपालिकेची माणसं घरपट्टीची नवी आकारणी करायला आली. त्यांनी फीत लावून भिंती मोजल्या, आतला कापूस पाहिला आणि विचारलं, "जागा कुणाकडं आहे?" भुजंग म्हणाला, "माझ्याकडंच." कागदावर लिहिलं गेलं: गोदाम, व्यापारी वापर, भोगवटादार भुजंग. मी तिथंच उभा होतो. दाराला कोण विचारतं?

मृगाच्या तोंडावर ती दोघं परतली. नोटीस माझ्यावरच चिकटवलेली होती. म्हाळसाबाईनं ती शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतली. जागेचं मूल्य चौपट धरलं होतं. पण ती अडली ती भोगवटादाराच्या नावापाशी.

भुजंग हसत आला. "वैनी, कर मी भरतो की. तुमी कशाला तकलीफ घ्यायल्या?"

"आज कर भरताल, उद्या पावती दावून आमालाच भाईर काढताल. कापूस उचला, भुजंगराव."

त्यानं उचलला नाही, तेव्हा उमाजीनं सगळी पोती रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली आणि मेंढरं आत घेतली. म्हाळसाबाईनं हरकतीचा अर्ज दिला. सोमवारची सुनावणी लागली.

शनिवारी भर दुपारी भुजंग दोन माणसं घेऊन आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"अर्ज माघारी घे, उमाजी."

"मग मेंढरं कुठं कोंडू? तुह्या डोस्क्यावर?"

सोबतची माणसं हसली. भुजंग हसला नाही. पहिला घाव माझ्यावर बसला. दुसऱ्या घावाला मी उभा फाटलो. आत मेंढ्या एकमेकींवर चढल्या, भिंतीला धडका देऊ लागल्या. फटीतून एडका बाहेर उसळला आणि एका घावात त्याची मान लोंबली. तेव्हा उमाजी हात पसरून, मला पाठ लावून उभा राहिला. "मुकी जनावरं हायत रे," एवढंच तो म्हणाला. कुऱ्हाड आधी त्याच्या खांद्यात शिरली, मग डोक्यात. त्याच्या भारानं मी मधोमध मोडलो. वरचा अर्धा भाग त्याला घेऊनच आत पडला.

म्हाळसाबाई पाणी घेऊन येत होती. तिनं घागर खाली ठेवली. मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. परभणीच्या दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

पोलिसांनी भुजंगला आणि त्याच्या माणसांना नेलं. माझा रक्तानं भिजलेला वरचा भागही नेला.

सोमवारी सकाळी भावकीतली कडूबाई म्हणाली, "सुतकात कचेरीत जातीस व्हय?"

"तारीख कुठं सुतक पाळायलीय?" असं म्हणून म्हाळसाबाईनं बिजागरीला लोंबणारा माझा खालचा भाग उपसला आणि रिक्षात घातला.

नगरपालिकेच्या कचेरीत कारकून ओरडला, "ओ बाई, ही काय लाकडाची वखार हाय का?"

"पुरावा हाय," ती म्हणाली.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी कागद पाहिले. "पाहणीत कापूस सापडलाय. मेंढवाडा आहे हे कशावरून?"

"गुडघ्याच्या उंचीवर हात फिरवा, मॅडम."

त्यांनी हात फिरवला. तिथं मी काळा, गुळगुळीत आणि चिकट आहे. त्यांनी तळवा नाकाशी नेला.

"मेंढरांच्या लोकरीचा चिकटा हाय. तीस वरसांचा. कापूस काय दाराला अंग घासतो?"

मॅडमनी विचारलं, "तुमचे मालक नाही आले?"

"शनवारी गेले."

मॅडमनी आकारणीचा कागद पुन्हा पुढं ओढला. मग त्यांनी गोदाम हा शब्द स्वतःच्या हातानं खोडला. मेंढवाडा लिहिलं. मूल्य जुनंच ठेवलं. भोगवटादाराच्या जागी म्हाळसाबाईचं नाव घातलं.

तिनं मला उचलायला हात घातला, तेवढ्यात कचेरीच्या दाराशी येऊन थांबलेला हवालदार पुढं झाला. खुनाच्या गुन्ह्यातलं उरलेलं अर्धं दार त्याला हवं होतं.

तेव्हापासून माझे दोन्ही तुकडे पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत आहेत. गळ्यात मुद्देमालाची चिठ्ठी आहे. दर महिन्याला म्हाळसाबाईचा आवाज बाहेरून ऐकू येतो. "सायेब, दार कवा देताल?"

"केस संपल्यावर, मावशी. तवर दुसरं दार बसवा."

"बसवते की," ती म्हणते, पण बसवत नाही. वाड्याच्या उघड्या चौकटीत खाट आडवी टाकून ती स्वतः निजते, असं हवालदार बोलत होते. साहेब, घाव मोजून झाले असतील तर मला सोडा. एक माणूस माझ्यापुढं उभा राहिला, तेवढं पुरे. माझ्या जागी दुसरं माणूस नको.