एक वाजताचं टक्

बाबांना जाऊन आठवडा झाला आणि घरातलं गरम पाणी गेलं. शनिवारी त्यांचा अंत्यविधी झाला, सोमवारी पाणी कोमट झालं, मंगळवारी थंडगार. आमच्या गोर गावातला जुलै, म्हणजे दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा. भांडी घासून झाली की बोटं जागेवर आहेत का ते बघून घ्यावं लागे.

मी रजा काढून थोडे दिवस आईजवळ राहिले होते. माझा भाऊ क्रेगही ब्रिस्बेनहून आला होता, पण अंत्यविधी उरकून डनीडिनला सासुरवाडीला गेला होता. शुक्रवारी दुपारी दीडला तो परतणार होता, तिथल्या एका वृद्धनिवासाचा अर्ज घेऊन. एक खोली रिकामी होती आणि ती शुक्रवार संध्याकाळपर्यंतच राखून ठेवणार होते.

"आईला एकटीला हे घर झेपायचं नाही," तो फोनवर म्हणाला.

"झेपेल की."

"आत्ताच म्हणाली, किटलीत पाणी तापवून अंग धुते."

आईला खोटं बोलता येत नाही. हा तिचा दोष मला लहानपणापासून नडत आलाय.

"क्रेगचं चुकलं कुठं?" फोन ठेवल्यावर ती म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं की पाणी आपोआप तापतं. पाणी तापलं तर राहते, नाही तर जाते त्याच्याबरोबर." एवढं बोलून ती बटाटे सोलायला बसली. दोघींना पुरून उरतील इतके बटाटे. अजून तिघांचाच अंदाज हातात होता.

दुरुस्तीची जबाबदारी शेजारच्या सेल्विनकाकांनी घेतली. ते दूध-पावडरीच्या कारखान्यात फिटर होते आणि बाबांचे जुने दोस्त. गावातल्या इलेक्ट्रिशियनला पुढच्या गुरुवारपर्यंत सवड नव्हती, आणि त्याचं नाव काढलं की सेल्विनकाकांच्या भुवया वर जात.

अडचण विजेच्या वेळेची होती. बाबांनी पाण्याच्या टाकीसाठी स्वस्त दराची वीज घेतली होती. ती रात्री येई, आणि दुपारी एक ते चार. बाकी वेळ कंपनी लांबूनच ती बंद ठेवी. त्यामुळे सकाळी काहीही खटपट केली तरी एक वाजेपर्यंत हातावर हात धरून बसायचं. एकच्या ठोक्याला मागच्या दारातल्या मीटरच्या पेटीत 'टक्' असा आवाज होई. बाबा सूपचा चमचा खाली ठेवून म्हणत, "आले साहेब." आणि मग पुन्हा चमचा उचलत.

मंगळवारी आम्ही तिघं कोट घालून पेटीसमोर उभे राहिलो.

टक्.

"आली वीज!" सेल्विनकाका म्हणाले. "म्हणजे दोष कंपनीचा नाही. आता बटणं बघू."

प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर बाबांचं अक्षर होतं. सेल्विनकाकांनी टॉर्च मारून वाचायला सुरुवात केली.

"कोंबड्या. रोस्ट, म्हणजे ओव्हन. नोलीनचं शिवण, हे तुझं. क्रेग आला तर... हे काय?"

"पाहुण्यांच्या खोलीतला हीटर," आई म्हणाली.

"बिअर. दिवे. रेडिओ आणि बाकीचं. गरम पाणी कुठाय?"

"लेस्टरनं लिहिलं नसेल," बाबांच्या अक्षरावरून बोट फिरवत आई म्हणाली.

"कोंबड्यांचं लिहिलं आणि गरम पाण्याचं नाही?"

"कोंबड्या त्याला आवडायच्या."

"हे बिअरचं बंद दिसतंय."

"मीच केलंय," आई म्हणाली. "पिणारा राहिला नाही."

सेल्विनकाकांनी टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, परत घातली. मग घसा साफ करून निकाल दिला : टाकीची तार थेट जोडलेली आहे, तिला बटणच नाही, आणि आतली कॉइल जळली आहे.

बुधवारी मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका गोड मुलीनं विचारलं, मीटरवरचा लाल दिवा लागतो का? लागतो. टक् होतं का? होतं. "मग आमच्याकडून सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "आणखी काही मदत करू का?" गुरुवारी सेल्विनकाका इन्व्हरकार्गिलच्या दुकानात जाऊन नवी कॉइल घेऊन आले. "उद्या टाकी उपसतो," ते म्हणाले. "कपाट तेवढं रिकामं करून ठेव."

शुक्रवारी बाराच्या सुमाराला मी टाकीचं कपाट उघडलं. या कपाटात आमचे टॉवेल ऊबदार राहायचे, ओले मोजे सुकायचे, आणि खाली कोपऱ्यात बाबांची घरची बिअर फसफसायची. जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी भरलेली बादली अजून तिथेच होती. वायू बुडबुड्यांनी बाहेर पडायला तिच्या झाकणावर पाणी भरलेली छोटी नळी होती. टॉवेल गार पडले होते. मी बादली उचलायला वाकले आणि बिअरच्या बटणावर चालणाऱ्या तिच्या हीटरची तार शोधली.

तार नव्हती. हीटरही नव्हता. बादली नुसती टाकीला टेकून ठेवलेली होती.

मी बादलीमागे हात फिरवून पुन्हा खात्री केली. मग आईला हाक मारली.

"आई, बिअरचं बटण कधी बंद केलंस?"

"शनिवारी. सगळे गेल्यावर."

"का?"

तिनं दाराची चौकट धरली. "त्या आवाजापायी. गुडूप, गुडूप. झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागूनच आहे हे. वाटायचं, तोच आत काहीतरी करत बसलाय." पुढे म्हणाली, "बटण बंद केल्यावर दोन दिवसांनी गप्प झालं."

"आई, या बादलीला वीज जातच नाही. ते बटण टाकीचं आहे."

"मग त्यानं बिअर का लिहिलं?"

"बाबांच्या लेखी टाकी त्यासाठीच होती."

आईनं बादलीकडे अशा नजरेनं पाहिलं की बाबा समोर असते तर कोंबड्या बघायला निघून गेले असते.

एकला दहा कमी असताना आईनं स्वतः बटण वर केलं. सेल्विनकाका कॉइल काखेत धरून उभे होते.

"आणि हिचं काय करू?"

"परत घेतील की."

"मी खोका फाडलाय."

टक्. टाकी हलकेच गुणगुणू लागली. सेल्विनकाकांनी हिशेब सांगितला : पाणी पुरतं तापायला चार वाजणार. दीडला क्रेगची गाडी दारात.

"हात धुऊन येतो," क्रेग म्हणाला.

"कशाला?" मी म्हणाले. "आधी खा."

त्यानं चार चीज रोल खाल्ले. सेल्विनकाकांनी त्याला सत्त्याऐंशी सालच्या पुराची गोष्ट सांगितली. पाणी कुठे किती चढलं ते सांगता सांगता दोन तास गेले. क्रेगनं दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आईनं त्याच्या बशीत आणखी एक रोल ठेवला. अर्ज टेबलावर होता, त्यावर लोण्याचे ठसे उमटले. चार वाजता टक् झालं, तसा सेल्विनकाकांचा पूर ओसरला.

"जा, धू हात," आई म्हणाली.

क्रेग न्हाणीघरात गेला. "आयला! भाजलं!"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं फक्त ॲप्रनची गाठ घट्ट केली.

सगळी हकीकत ऐकल्यावर क्रेग खिशातलं पेन काढून पेटीकडे निघाला. "मी तिथं नीट 'गरम पाणी' लिहून ठेवतो."

"हात लावू नकोस," आई म्हणाली.

तेवढ्यात कपाटातून आवाज आला. गुडूप.

क्रेग वळून कपाटाकडे बघू लागला. बऱ्याच वेळानं पुन्हा आला. गुडूप. मी आईचा चेहरा बघत होते. ती मान जरा कलती करून ऐकत होती.

"सेल्विन," ती म्हणाली, "ही बाटल्यांत कधी भरायची?"

"मधे गारठली होती. अजून दहा-बारा दिवस तरी. मग बाटल्यांत महिनाभर ठेवायची."

"मला भरायला शिकव."

"तू कधी थेंब चाखला नाहीस, नोलीन!"

"चाखणार कोण म्हणालं? त्यानं सुरू केलंय, ते अर्ध्यावर टाकून मी डनीडिनला कशी जाऊ?" तिनं अर्जाची व्यवस्थित चौघडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. मग क्रेगकडे वळली.

"आज राहतोयस ना? खोली गार असेल. जा, तुझं बटण लाव."