पाच फूट सहा इंच

सॅम्पल फ्लॅटचं काम घेतलं तर धाकटीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडू. इमारतीच्या दर्शनी फलकावर बिल्डरच्या नावाखाली तिचं नाव, 'अंतर्गत सजावट' अशा सुबक अक्षरांत. फ्लॅट बघायला येणारं प्रत्येक कुटुंब, म्हणजे पायांनी चालत आलेलं गिऱ्हाईक. काम पसंत पडलं तर पुढच्या दोन इमारती. आणि जमेची शेवटची बाब, जी तिनं कुणापाशी कबूल केली नसती: दादाचं तोंड बंद.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. गेली दहा वर्षं तो तिच्या धंद्याला 'उशा मांडायचा उद्योग' म्हणत आला होता. "आमचं शेंडेफळ काय करतं माहितीये? लोकांच्या घरात जाऊन सोफा इकडचा तिकडे करतं, आणि वर त्याचं बिल लावतं!" पाहुणे जमले की हे वाक्य ठरलेलं आणि त्यावरचा हशाही ठरलेला. धाकटीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

आता खर्चाची बाजू. ती तिला कोरी दिसली. माणूस हुशार असला की त्याला खर्चाची बाजू हमखास कोरी दिसते.

बिल्डर मोठा गोड माणूस. आवाज कधी चढायचा नाही. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, खोली काही मला मोठी करता येत नाही, नकाशा मंजूर झालाय. पण पलंग लहान करायला कुणाची मंजुरी लागते?"

यात त्यानं नवं काही सांगितलं नव्हतं. धंद्यातली ही जुनीच रीत. सॅम्पल फ्लॅटच्या खोल्यांना दारं लावायची नाहीत, नुसत्या चौकटी; दार नाही म्हणजे ते उघडायला लागणारी जागाही नाही. कपाट दोन फुटांऐवजी सोळा इंच खोल. त्यात हँगर मावत नाही, म्हणून कपड्यांच्या घड्या रचून ठेवायच्या, त्या उलट जास्त नीटनेटक्या दिसतात. आणि पलंग सहा फूट तीन इंचांऐवजी पाच फूट सहा इंच. बघणारा चौकटीत उभा राहतो, नजर फिरवतो, "ऐसपैस आहे हो," म्हणतो आणि टोकन देऊन जातो. घर घ्यायला माणसं बायको आणतात, सासरा आणतात, ज्योतिषी आणतात. टेप कोणी आणत नाही.

मिस्त्रीनं, म्हणजे तिच्या जुन्या सुतारानं, माप दोनदा वाचलं. "मॅडम, यावर झोपणार कोण?"

"कोणी नाही. दाखवायचा आहे."

"मग ठीक. मी म्हटलं, पाय कापायचं कामही आपल्याकडेच आहे की काय!"

फ्लॅट भराभर खपले. आठ-नऊ जणांनी आपली घरं सजवायला तिलाच बोलावलं. घरातल्या जेवणाच्या टेबलावर चालणारं ऑफिस काचेच्या दाराआड गेलं, हाताखाली दोन मुली आल्या, फोन उचलायचा आवाजसुद्धा बदलला. वर्ष कसं चाललंय म्हणून कुणी विचारलं की ती "बरं चाललंय" म्हणायची, आणि ते 'बरं' इतकं भरघोस असायचं की विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा.

सातव्या महिन्यात दादा, वहिनी आणि बाबा न सांगता सॅम्पल फ्लॅट बघायला आले. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. तो बसला.

"मानलं तुला!" दादा खोल्याखोल्यांतून फिरत म्हणाला. "मी आपला उशाच मोजत होतो इतकी वर्षं. अगं, ही आठ बाय साडेसहाची खोली वाटते का कुणाला?"

"ही बाबांची," वहिनीनं तिसऱ्या खोलीवर हक्क सांगून टाकला. "पलंग, कपाट, वर स्टूल आणि कुंडीसुद्धा. अजून काय पाहिजे?"

बाबा शिंपी. चाळीस वर्षं गळ्यात टेप बाळगलेला माणूस. उंची पाच फूट अकरा इंच, आणि सत्तरी उलटली तरी त्यातला एक इंचही त्यांनी वाकून घालवला नव्हता. ते पलंगावर बसले, तळहातानं कड चाचपली आणि उठले. "छान आहे," म्हणाले.

"तुझं काम म्हणजे डोळे झाकून," दादानं तिच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या शुक्रवारी सही."

म्हणजे हातात आठ दिवस होते. सांगायचं तर एकच वाक्य होतं: दादा, तो पलंग खोटा आहे. पण ते वाक्य उच्चारलं की दादा मागे फिरणार, बिल्डरला कारण कळणार आणि पुढच्या दोन इमारती हातच्या जाणार. हे तरी तिनं सोसलं असतं. पण पाठीवरची ती थाप तीस वर्षांत पहिली होती. एका हातानं घेतलेली गोष्ट दुसऱ्या हातानं परत करणं तिच्यानं होईना.

तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला. वहिनीनं उचलला.

"वहिनी, तिसऱ्या खोलीची मापं एकदा नीट घेऊन ठेवा हं."

"तू घेतलीस ना? मग आम्ही अडाण्यांनी आणखी काय घ्यायची? अगं, हा आमच्या आत्ताच्या बिल्डिंगभर सांगत सुटलाय, माझ्या बहिणीनं केलंय, माझ्या बहिणीनं केलंय. लिफ्टमधली माणसं आता जिन्यानं जायला लागलीत!"

धाकटी हसली आणि तिनं फोन ठेवला. आपण सूचना दिली होती, अशी नोंद मनात झाली. कागदावर आठ बाय साडेसहा छापलंय, त्यात खोटं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारी सही झाली.

अकराव्या महिन्यात सामान हललं आणि मूठ उघडली. बाबांचा सहा-तीनचा पलंग आणि दोन फुटी कपाट एका रेषेत बसेनात. तीन इंच कमी पडले. पलंग फिरवून लावला, तर दार उघडेना. कपाट बाहेर काढलं, तर हॉलचं गोदाम झालं.

"तीन इंच?" दादा हमालांवर खेकसला. "तीन इंचांनी कुणाचं घर अडतं का? बोलवा तिला."

धाकटी आली. पर्समधून टेप काढला आणि जे तिला पाठ होतं ते सगळ्यांसमोर पुन्हा मोजलं. भिंत मोजली, खिडकी मोजली, भुवया आक्रसून दारही मोजलं.

"तुझ्या फ्लॅटमध्ये तर कुंडीसुद्धा मावली होती गं," दादा म्हणाला. आवाजात संशय नव्हता, नुसतं कोडं होतं.

"तुमचं कपाट जुन्या मापाचं आहे," ती म्हणाली.

वहिनी ओशाळली. कपाट तिच्या माहेरचं होतं.

शेवटी वाट काढली बिल्डरनं. सगळे फ्लॅट विकले गेले होते, सॅम्पलमधलं सामान काढायचंच होतं. "तो पलंग न्या की! आपल्याच घरची माणसं," तो म्हणाला आणि स्वतःच्या टेम्पोतून पाठवून दिला. पलंग बरोब्बर बसला, वर सहा इंच उरले. दादाला गहिवरून आलं. जुना पलंग हमालांनीच नेला.

वर्ष संपता संपता बिल्डरनं तिच्याकडे एक पान मागितलं: 'माझं वर्ष', त्याच्या पुस्तिकेसाठी, सोमवारपर्यंत. शनिवारभर ती काचेच्या दाराआड बसून राहिली. 'या वर्षानं मला जागेकडे बघायला शिकवलं', एवढं लिहिलं आणि पुढे शब्द सुचेना. रविवारी दुपारी ती कागद तसाच पर्समध्ये घालून दादाकडे गेली.

बाबा पडले होते. पलंगाच्या पायथ्याशी उरलेल्या सहा इंचांत कोंबलेलं अरुंद स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर टाचा.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाबा!" दादा दारातून म्हणाला. "म्हातारपणी माणसं आखडतात, आमचे बाबा लांबले." बाबाही हसले. दादा हॉलमध्ये गेला.

"बाबा, मी नवा पलंग करून देते. मिस्त्रीला उद्याच सांगते."

"ठेवशील कुठे?"

तिनं स्टुलावरची उशी उगाच सारखी केली.

"बसलो तेव्हाच कळलं होतं गं," बाबा छताकडे बघत म्हणाले. "नऊ इंच. कापड हातात घेतलं की कळतं, तसं."

"मग बोलला का नाहीत?"

"तो तुझं कौतुक करत होता. म्हटलं, कशाला मध्ये पडा." मग, अपुरं कापड आणलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं, न रागावता म्हणाले, "आणि सहीला आठ दिवस होते. वाटलं, तू सांगशील."

इतक्यात दादा पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. "काय म्हणतात बाबा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. सांगायला हा नववा दिवस होता म्हणा, पण दिवस तर होता.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "पाय दुखतायत म्हणे."

"वय झालं," दादा म्हणाला.

बाबांनी कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले. आता ते पलंगात पुरेपूर मावत होते.

सोमवारी तिनं पान पूर्ण करून पाठवलं. बिल्डरला फार आवडलं.

तर वर्षअखेर कुणी काय भरलं ते बघू. बिल्डरनं एक पलंग दिला, जो त्याला एरवी माणूस लावून हलवावा लागला असता. दादा घराचे हप्ते भरतोय, पण घर तर त्याला मिळालं. आपण फसलो असं त्याला अजून वाटत नाही, तेव्हा ते धरता येत नाहीत. वहिनी माहेरच्या कपाटावर चिडून आहे. कपाटाला त्याचं काही नाही. धाकटीला दोन्ही इमारती मिळाल्या, दादा अजून लिफ्टमध्ये तिचं नाव काढतो. तिनं काही भरल्याचं दिसत नाही, फक्त ती रविवारी हल्ली हॉलमध्येच बसते. राहिले पाच-अकरातून पाच-सहा वजा जाता पाच इंच. ते बाबा भरतात, रोज, झोपायच्या वेळी, गुडघे दुमडून.