नव्या भाषेला होकार

चार वर्षं ती साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होती, "गोदामाचा कॉम्प्युटर प्रोग्राम नव्या भाषेत लिहू या. जुनी भाषा इथे माझ्याशिवाय कुणाला येत नाही. मी आजारी पडले तर सगळा माल अडेल." साहेबांचं मेलं एकच पालुपद, "बघू." शेवटी तिने सगळ्या सुट्ट्या खर्ची घालून अर्धा प्रोग्राम स्वतःच नव्या भाषेत लिहून दाखवला.

सोमवारी साहेब खुशीत होते. "पटलं बुवा! उद्यापासून चार नवे लोक येतायत. उरलेला ते लिहितील."

"आणि मी?"

"तुम्ही जुनाच सांभाळा. तुम्हीच म्हणता ना, ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नाही!"

"आणि जुना बंद झाल्यावर?"

"बघू," साहेब म्हणाले.